कागद नसलेला हिरा

४ जानेवारी

माझ्या एकुलत्या एका ताईला,

वाकून नमस्कार केला असता, पण गुडघे ऐकत नाहीत. उभ्यानेच घे.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू दोनदा 'हं' म्हणतेस आणि तिसऱ्यांदा 'ठेवते' म्हणतेस. पत्राला मात्र उत्तर देतेस. तुझ्यात एवढी एकच चांगली सवय आहे, ती मोडू नकोस.

तर बातमी अशी, की मला हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. लेकीसाठी नाही, सुनेसाठी नाही, माझ्यासाठी. हसलीस ना? हेही हसले. म्हणाले, "इस्पितळाच्या चादरी शिवणारीला हिरा कशाला? सुईच्या टोकाला लावणार आहेस का?" मी म्हटलं, लावीन, तुमचं काय जातं.

एकतीस वर्षं त्या तळघरातल्या खोलीत बसून फाटके अभ्रे आणि डॉक्टरांचे झगे शिवतेय. जूनमध्ये सोडणार. लग्नातली अंगठी मशीनची सुई बोटातून गेली तेव्हा कापून काढावी लागली, तुला आठवत असेल. त्यानंतर त्या बोटात काही आलंच नाही. आधी मुलांची शिक्षणं, मग आईचं आजारपण, मग असंच. आता यावं असं वाटतं. हौस म्हण, खूळ म्हण.

पण मला हिऱ्यातलं ओ की ठो कळत नाही, आणि दुकानदार माझं तोंड बघूनच ओळखतील. तू आयुष्यभर हिरे तपासलेस. मला पोरासोरांना सांगतात तसं सांग.

तुझी बुटकी

१९ जानेवारी

बुटके,

अभिनंदन. आपल्या घरात स्वतःसाठी काहीतरी मागणारी तू पहिलीच बाई. मेहुण्यांना सांग, सुईच्या टोकाला लावायचा तरी तो नीट बघून घ्यावा लागतो.

दुकानात गेल्या गेल्या विचारतील, किती कॅरटचा हवा? कॅरट म्हणजे वजन. त्याला भुलू नकोस. काही हिरे बुडाशी जाड ठेवलेले असतात, वजन सगळं खाली, आणि वरून बघावं तर एवढासा. त्यापेक्षा पैलू बघ. चमक खाणीतून येत नाही, पैलू पाडणाऱ्याच्या हातातून येते. पैलू चुकले की प्रकाश आत शिरतो आणि खालून निघून जातो, मधोमध काळोखी दिसते. पैसे घालायचेच तर इथे घाल.

मग रंग. हिऱ्याचा चांगला रंग म्हणजे रंग नसणं. आम्ही डी अक्षरापासून सुरू करतो. डी म्हणजे अगदी कोरा. जसजशी अक्षरं पुढे, तसतसा पिवळेपणा. तुला जी किंवा एच पुरेल. पण हिरा सरळ धरून रंग बघशील तर फसशील, चमक सगळं झाकून टाकते. पांढऱ्या कागदाला घडी घाल, त्या घडीत हिरा पालथा ठेव, टोक वर. पालथा पडला की त्याचा तोरा उतरतो आणि रंग कळतो. आमच्याकडे नमुन्याचे हिरे असतात, कोऱ्यापासून पिवळ्यापर्यंत ओळीने लावलेले. प्रत्येक हिरा त्यांच्या शेजारी ठेवून जुळवायचा.

डागांची धास्ती घेऊ नकोस. भिंगाखाली प्रत्येकात काहीतरी निघतं. नुसत्या डोळ्यांना दिसत नसेल तर सोडून दे. मात्र अंगठीत आधीच बसवलेला हिरा घेऊ नकोस, सोन्याच्या नख्यांखाली चिरा लपवतात. सुटा बघायचा, मग बसवायचा.

आणि कोणी कितीही गोड बोललं तरी तपासणीचा कागद नसलेला हिरा घ्यायचा नाही. मी सांगितलं तरी नाही.

इकडे नेहमीचंच. एका हिऱ्यावर आम्ही तिघी एकमेकींना न विचारता मत लिहितो, दोघींचं जुळलं की ते कागदावर चढतं. हल्ली या दोन नव्या पोरींचं एकमेकींशी जुळतं आणि मी एकटी पडते. पोरींना नजरच नाही. त्यात ऑफिसने टेबलावरचे दिवे बदललेत, कुठले स्वस्तातले आणलेत देव जाणे. साहेबांना बोलले, तर म्हणतात दिवे तेच आहेत.

असो. बासष्टाव्या वर्षीही टेबल माझंच आहे. आमच्याकडे वयाची अट नाही, नजर आहे तोवर बसा.

ताई

८ फेब्रुवारी

ताई,

तीन दुकानं झाली. पहिल्यात इतके दिवे होते, की माझ्या स्वेटरचं बटणही हिऱ्यासारखं चमकत होतं. मी म्हटलं, जरा दाराशी उजेडात बघू द्या. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हिरा बाहेर नेता येत नाही." मी म्हटलं, मग मला बाहेर जाता येतं. आणि आले.

दुसऱ्यात मी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि हिरा पालथा घातला. तो पोरगेला विक्रेता आ वासून बघत राहिला, मग आतून मालकाला घेऊन आला. मालकाने चहा मागवला! ताई, माझ्यासाठी आजवर दुकानात कोणी खुर्चीसुद्धा ओढली नव्हती. मी अशी ऐटीत बसले, की सांगायची सोय नाही.

तिसऱ्यात दोन पसंत पडले. एक जी रंगाचा, जरा लहान. एक जे रंगाचा, मोठा. दोन्हीला कागद आहे. रोज रात्री डोळे मिटले की कधी हा दिसतो कधी तो. हे म्हणतात, नाणं उडव. तू सांगशील तो घेईन.

बुटकी

२२ मार्च

बुटके,

उत्तराला उशीर झाला. दर वर्षीची डोळ्यांची चाचणी होती, रंगीत टोपणं छटेप्रमाणे ओळीने लावायची असतात. पोरखेळ नुसता. त्याच्या गडबडीत राहून गेलं.

त्या दोन्ही हिऱ्यांचा नाद सोड. इथे एक जुना व्यापारी ओळखीचा आहे, त्याच्याकडे सुटे हिरे असतात. मी स्वतः बसून वीस-बावीस बघितले आणि त्यातला एक तुझ्यासाठी बाजूला काढला. एफ रंग. पैलू असे, की बघत राहावं. त्याला कागद नाही, पण मी आहे ना. तू मोजशील तेवढ्या पैशांत त्या दुकानात असा मिळणार नाही. कागदाचे पैसे वाचतील ते दगडात पडू देत.

पांढऱ्या सोन्यात बसव. पिवळ्या सोन्याच्या मागे लपायची या हिऱ्याला गरज नाही.

हो म्हण. ऑफिसातली एक ओळखीची तुझ्या बाजूला येणार आहे, तिच्या हाती पाठवते.

ताई

१७ एप्रिल

ताई, ताई, ताई!

काल अंगठी बसवून आली. सोनाराने विचारलं, कागद? मी म्हटलं, माझी बहीण हाच कागद.

आज कामावर घालून गेले. शिवताना हात मुद्दाम खिडकीकडे करत होते. त्या एवढ्याशा खिडकीतून बाहेर लोकांचे फक्त पाय दिसतात, तिथून येईल तेवढा उजेड सगळा मी बोटावर घेतला. दोन झग्यांना उलट्या बाह्या लावल्या. मुख्य परिचारिका खाली आल्या तर त्यांना उसवताना सापडले. त्यांनी हात हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. हा पिवळा मुद्दाम घेतलात का?" मी म्हटलं, पिवळा? बाई, माझी ताई हेच काम करते. त्या म्हणाल्या, मग माझीच चूक असेल.

मत्सर गं, दुसरं काय. तुला म्हणून सांगितलं.

तुझी हिरेवाली बुटकी

५ मे

ताई,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. आता हे वाच आणि लगेच लिही.

त्या परिचारिकेचं बोलणं डोक्यातून जाईना. घरी पांढऱ्या चादरीवर हात ठेवून बघितला. मग यांना विचारलं. यांना रंगांतलं काही कळत नाही, तरी म्हणाले, "जरासा चहा सांडल्यासारखा आहे खरा." शेवटी अंगठीतून हिरा काढून घेतला आणि तपासणीला दिला. कागद परवा आला. रंग एम. तुझ्या अक्षरापासून सात अक्षरं पुढे.

मी नको म्हटलेला तो जे रंगाचासुद्धा याच्याहून पांढरा होता.

तपासणीच्या काउंटरवरच्या बाईने समजुतीच्या सुरात विचारलं, "कुठे फसलात?" मी सांगितलं, एका दुकानात. तुझं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

घरात बोलणं सुरू झालंय. हे म्हणतात, व्यापाऱ्याने ताईंना काहीतरी दिलं असणार, या धंद्यात असंच चालतं. मी भांडले त्यांच्याशी. पण ताई, एवढी वर्षं हेच काम करणारीची सात अक्षरांची चूक होते, हे मी कुणाला कसं पटवू? तू स्वतःच सांगितलं होतंस कागदाशिवाय घेऊ नकोस, मग तूच कसं पाठवलंस?

दोनच गोष्टी असू शकतात. एक तर तू पैसे घेतलेस. नाहीतर तुझ्या डोळ्यांना काहीतरी झालंय. ते दिव्यांचं, त्या पोरींचं तू लिहिलं होतंस, ते मी काल परत काढून वाचलं. डोळ्यांचं असेल तर सांग. मी रजा टाकून येते, तुला डॉक्टरकडे नेते. अंगठी गेली उडत.

बुटकी

९ मे
(हे पत्र पाठवलं नाही)

बुटके,

डोळ्यांचंच आहे.

वर्षभर झालं असेल. आधी वाटलं दिवे, मग वाटलं चष्मा, मग वाटलं त्या पोरी माझ्यावर टपल्यात. मार्चच्या चाचणीत टोपणं लावली तेव्हा निळ्या-पिवळ्यातली मला सगळी एकच दिसायला लागली. साहेबांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. म्हणाले, तीन महिन्यांनी परत घेऊ, तोवर डॉक्टरांना दाखवा. मी दाखवलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं की ते ऑफिसात जाणार, आणि मग माझं टेबल गेलं.

दोन खोल्या, एक खुर्ची, आणि ते टेबल. याशिवाय माझ्याकडे काय आहे? तुझ्याकडे मुलं आहेत, मेहुणे आहेत, भांडायला तरी कुणी आहे. मी सकाळी उठते ती त्या टेबलासाठी.

म्हणून तुझा हिरा निवडला. तुझ्यावरच्या प्रेमापोटी नाही गं. मला बघायचं होतं, की मला अजून येतं का. ऑफिसात इतर दोघी असतात, माझी चूक त्यांच्या मतात बुडून जाते. तुझ्या वेळी मी एकटी होते. तू 'ताई, ताई, ताई' लिहिलंस ना, तेव्हा मी खुर्चीत बसून रडले, की झाले उत्तीर्ण. मग पुढच्या ओळीत ती परिचारिका आली.

ये. मला एकटीने डॉक्टरकडे जायला भीती वाटते.

ताई

१२ मे

बुटके,

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी पैसे घेतले. व्यापाऱ्याकडे तो हिरा पडून होता, त्याने खपवून द्यायला सांगितलं आणि माझा वाटा ठरला. या धंद्यात सगळेच घेतात, मेहुण्यांना बरोबर माहीत आहे.

मला वाटलं होतं तुला कळणार नाही.

इकडे येऊ नकोस. आपण भेटून दोघींनाही त्रासच होईल. आणि डोळ्यांचं वगैरे कुणापाशी बोलू नकोस, उगाच अफवा उठते.

ताई

३० मे

ताई,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसायचे आणि मशीनवर जाऊन बसायचे.

तुला एक सांगते, म्हणजे तुला कळेल मी कुठे पोचले होते. ५ तारखेचं पत्र टाकल्यापासून मी रोज मनात म्हणत होते, तिच्या डोळ्यांना काहीतरी झालेलं असू दे. सख्ख्या बहिणीचे डोळे जावेत अशी इच्छा करणारी बाई बघितली आहेस का कधी? ती मी. रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. तुझ्या घरी गाद्या नसतात म्हणून एक सतरंजी बांधली होती.

आणि तू लिहिलंस, की तुला वाटलं मला कळणार नाही.

खरं आहे, मला कळलं नसतं. तू वीस वर्षांनी मेली असतीस आणि मी तुझ्या आठवणीने ती अंगठी कुरवाळली असती. तेच मनात घेऊन मी तुझ्या ऑफिसात तक्रार पाठवली आहे. हिऱ्याचा कागद जोडला, आणि तुझं १२ मेचं पत्रही जोडलं. माझ्यासारख्या बायका आयुष्यात एकदा हिरा घेतात, त्या तुझ्या सहीवर विसंबतात. त्यांचे हिरे तुझ्या हाताखालून जाऊ नयेत.

हे तुला आधी सांगतेय, मागून नाही. तेवढा फरक तुझ्यात माझ्यात राहू दे.

बुटकी

२६ जुलै

बुटके,

पत्र मिळालंच नाही म्हणशील म्हणून हे रजिस्टरने पाठवतेय. सोबत दुसरं एक पत्र आहे, त्यावर ९ मे तारीख आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता ऐक.

जूनच्या दहा तारखेला साहेबांनी बोलावलं. तुझी तक्रार समोर होती, माझं पत्र समोर होतं. मी म्हटलं, हो, घेतले पैसे. पण त्या व्यापाऱ्यालाही बोलावलं होतं. तो बिचारा हवालदिल झाला. म्हणाला, "बाईंनी एक पैसा घेतला नाही. उलट मीच म्हणत होतो, हा पिवळट आहे, बहिणीला दुसरा द्या. बाई म्हणाल्या, मला शिकवू नका." मग साहेबांनी नमुन्याचे नऊ हिरे माझ्यासमोर उलटसुलट ठेवले आणि म्हणाले, लावा. मी लावले. नऊमधले सहा चुकले.

दुसऱ्या दिवशी साहेबच डॉक्टरकडे घेऊन गेले. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. बुटके, नुसता मोतीबिंदू! मी वर्षभर काय काय समजून बसले होते, आणि डॉक्टर म्हणाले दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. उजवा झाला. पट्टी काढली तेव्हा खाटेवरची चादर इतकी पांढरी दिसली, की मला वाटलं कुणी बदलून गेलं. मग डावा डोळा उघडून बघितला, तर तीच चादर चहात बुडवल्यासारखी. मेहुणे बरोबर बोलले होते.

गेल्या आठवड्यात चाचणी परत दिली. एका डोळ्याने. सगळी टोपणं जागच्या जागी.

पण टेबल मिळत नाही. साहेब म्हणतात, नजर आली हे खरं, व्यापारी बोलला तेही खरं. पण तुमच्या हातचं पत्र फायलीत आहे, की मी पैसे घेतले. ज्या बाईने असं लिहून दिलंय तिची सही मी कागदावर कशी घेऊ? व्यापारी तुम्हाला वाचवायला काहीही बोलेल, असं वरचे म्हणतात. ते पत्र ज्या बहिणीला लिहिलं, तिने जर कळवलं, की हे डोळ्यांचं लपवायला लिहिलेलं खोटं पत्र आहे, तर विचार करू.

तू दोन ओळी लिही. ते खोटं आहे हे तुला माहीत आहे, एवढंच. मी तुझ्यापुढे हात जोडते. आयुष्यात पहिल्यांदा जोडतेय, तेही तुला माहीत आहे. नऊ मेचं पत्र मी त्या दिवशी पाकिटात घातलं होतं. तिकीट लावलं होतं. पेटीपर्यंत जाऊन परत आले.

दुसरा डोळा महिन्याभरात करतील. तेव्हा तू आलीस तर बरं होईल.

ताई

८ ऑगस्ट

ताई,

दोन्ही पत्रं मिळाली. यांनाही वाचून दाखवली. हे म्हणाले, लिहून टाक दोन ओळी, म्हातारपणी तिला घरी बसवून तुला काय मिळणार आहे? मी कागद घेऊन बसलेही.

पण काय लिहू? मला माहीत होतं असं? मला माहीत नव्हतं. मी विचारलं होतं, आणि तू नाही म्हणालीस.

तुझं ९ मेचं पत्र मी दहादा वाचलं. अक्षर तुझं, शाई तुझी, तारीख तू घातलेली. १२ मेच्या पत्राचंही अक्षर, शाई, तारीख तुझीच होती. ते वाचताना मला क्षणभरही वाटलं नाही, की हे खोटं आहे. आता हे वाचताना वाटत नाही, की हे खोटं आहे. मग हे त्या दिवशी लिहिलं, की टेबल गेल्यावर मागची तारीख टाकून लिहिलं, हे मी कशावरून सांगू? हिरा पालथा घालून बघायचं तू शिकवलंस. पत्र कसं बघतात ते मला येत नाही.

तरी माझं मन म्हणतं, ते खरंच असणार. आणि तेच जास्त लागलं. पैसे घेतले असतेस तर लोभ म्हटलं असतं, लोभ कुणाला सुटत नाही. पण खरं हे असेल, तर तू तुझी परीक्षा माझ्या बोटावर दिलीस. आणि मी येते म्हटल्यावर तुला चोर झालेलं चाललं, पण मी तुझा हात धरून डॉक्टरकडे नेलेलं चाललं नाही. मी तुझी इतकी परकी कधी झाले, ताई?

साहेबांना काही लिहिणार नाही. तुझ्याविरुद्धही नाही.

डोळा बरा झाला हे वाचून बरं वाटलं, खोटं नाही सांगत. दुसऱ्याची तारीख ठरली की मला कळवू नकोस.

तुझी बहीण